आळणी बाही

१

क्षिप्राचा फोन आला तेव्हा संघमित्राच्या तोंडात ब्रश होता. शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, ही तशीच फेस पुसत धावली, रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडून क्षिप्रा एवढंच म्हणाली, "मित्रा, बाबा गार पडलेत. तू ये. आधी तू ये."

आधी तू, कारण संघमित्रा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. आता पहिलं वर्ष म्हणजे काय, चादरी बदलायच्या आणि सिस्टरच्या शिव्या खायच्या. पण क्षिप्राला त्या घडीला तेवढंच आठवलं. जुईनगरला रिक्षा मिळेना, तर पोरगी सानपाड्यापर्यंत धावत गेली. शनिवारची सकाळ, सव्वाआठ वाजलेले.

क्षिप्रा रात्री मावशीकडे ठाण्याला होती. सकाळी येऊन तिनं लॅच उघडलं तर हे असं. पंखा फुल्ल, ट्यूबलाइट चालू, आणि वेताच्या खुर्चीत विलासकाका, तिचे बाबा. विलास चौबळ, रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर. बायको जाऊन चार वर्षं झालेली. मान एका बाजूला कललेली, उजवा हात खुर्चीबाहेर लोंबत होता. निळ्या शर्टाची लांब बाही कोपरापर्यंत भिजून वाळत आलेली. कफ तेवढा अजून दमट. हाताच्या पाठीवर दोन बारीक टोचे.

संघमित्रानं तो हात धरून पाहिला. ताठ. नाडी शोधायची गरजच नव्हती. लांब सडक बोटं, नीट कापलेली नखं, पेन धरणाऱ्या माणसाचा हात होता तसाच होता.

खुर्चीच्या मागे काळ्या कडप्प्याचा ओटा, ओट्यावर काचेची छोटी टाकी, झाकण बाजूला काढून ठेवलेलं. खुर्चीजवळच्या कडेनं कडप्प्यावर पाणी ओघळून वाळलेलं, धुळीत नुसत्या रेघा उरल्या होत्या. आत दगडाखाली रावसाहेब उलटे लटकलेले. रावसाहेब म्हणजे विलासकाकांचा लायनफिश, बुटक्या जातीचा, वितीएवढासुद्धा नाही. अंगावर तांबूस पट्टे, पंख्यासारखे पसरणारे कल्ले, पाठीवर तेरा काटे आणि काट्याकाट्यात विष.

दहा वाजेपर्यंत सगळी बिल्डिंग जिन्यात. "माशानं घेतलं हो चौबळांना!" फौजदार बोडके आले, टाकीपासून चार हात लांब उभे राहिले आणि विचारलं, "हे जनावर आणलं कोणी?"

सगळ्यांच्या माना वळल्या त्या संघमित्राकडे.

"हिच्या भावानं," मागून कोणीतरी म्हणालं.

२

सुगत वाशीच्या एका ॲक्वेरियमच्या दुकानात कामाला. रावसाहेब त्यानंच आणलेले, टाकी त्यानंच बसवलेली. एक दिवसाआड संध्याकाळी येऊन जिवंत कोळंबीची पिल्लं टाकायची, काच पुसायची. आणि टाकी पुसता पुसता क्षिप्रावर जीव जडलेला, हेही बिल्डिंगला माहीत. शुक्रवारी सात वाजता तो आला होता, आणि त्याच्यावर विलासकाका ओरडले, ते दोन मजल्यांनी ऐकलं.

एवढं पुरे झालं. दुपारी सुगत चौकीत.

"पाच मिनिटं," हवालदारानं संघमित्राला आत सोडलं.

सुगत भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात पोटाशी धरलेला. तिनं हाताकडे बघितलं तसा त्यानं तो शर्टाखाली घेतला.

"दादा, खरं सांग. मासा मारू शकतो माणसाला?"

"वेडी काय? गेल्या वर्षी मला दोन काटे लागलेले, विसरलीस? हात भाकरीसारखा टम्म. तूच गरम पाण्याची बादली आणलीस. माशाचं विष गरम पाण्यानं उतरतं. रडलो, ओरडलो, तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुखतं भयंकर. पण त्यानं धडधाकट माणूस असा बसल्या जागी जात नाही गं."

भाकरीसारखा टम्म. आणि विलासकाकांचा हात?

"दादा," ती हळूच म्हणाली, "काकांचा हात सुजलाच नव्हता."

मेलेलं अंग सुजत नाही. म्हणजे ते टोचे पडले तेव्हा विलासकाका आधीच गेलेले होते.

"भांडण कसलं होतं?"

"भांडण कुठलं! मी क्षिप्राचं विचारलं. ते एकदम ओरडले, सोमवारपर्यंत थांब! सोमवारी माझी नोकरी राहते का ते बघू, मग तुमचं बघतो! नाही म्हणाले नाहीत, मित्रा. थांब म्हणाले." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "टाकीत पाणी घाल. काका रोज चहा झाला की घालायचे. अर्धा मग, नळाचंच, भरून ठेवलेलं. खारं नको घालूस हां. पाणी उडून जातं, मीठ कुठं जात नाही. वरून खारंच ओतत राहिलं तर मीठ वाढत जातं आणि मासा मरतो."

"तुला या वेळी मासा सुचतोय?"

"त्यानं काय केलंय?"

तेवढ्यात फौजदार बोडके हातात कागद नाचवत आले. पोस्टमॉर्टेमचं कळलं होतं. संघमित्रा उठली. "साहेब, माशानं नाही ना मारलं?"

"नाही. उशीनं तोंड दाबून मारलं. नाकात कापूस सापडला. टोचे मागाहून पाडलेत." बोडके सुगतकडे बघून हसले. "म्हणजे निष्काळजीपणा गेला आणि खून आला. माणूस मारून माशावर ढकलायचं हे मासेवाल्याशिवाय सुचेल कोणाला? उद्या दहाला जबाबावर सही करायची. नाहीतर त्या पोरीला बोलावतो इथं. रात्रभर बसेल."

"करतो," सुगत ताबडतोब म्हणाला. "क्षिप्राला नका आणू."

३

उद्या दहा. संघमित्रा तडक सानपाड्याला.

हॉलमध्ये क्षिप्रा फडकं घेऊन टाकीची काच पुसत होती. काही सुचत नसलं की बाई काय करते, पुसत बसते. ज्या कोपऱ्यात हवेचे बुडबुडे फुटत होते तिथं काचेवर आणि खाली कडप्प्यावर पांढरा थर धरला होता.

"हे बघ. आठवडा झाला नाही की मीठ चढतं. ग्रिल गंजलं सगळं. बाबा म्हणायचे, समुद्र घरात आणलाय, भाडं तर घेणारच." आणि ती फडक्यात तोंड खुपसून रडायला लागली. "मित्रा, सुगतनं नाही ना गं?"

"मला विचारतेस?"

"सगळे विचारतायत. मी कोणाला विचारू?"

आतल्या खोलीत निशांत, विलासकाकांचा पुतण्या. तुर्भ्याला एका ड्रॉइंग ऑफिसात शिकाऊ. टेबलावर कंपासपेटी उघडी. संघमित्राची नजर कर्कटकावर गेली. दोन टोकं. दोन टोचे.

"काय बघतेस?" निशांत म्हणाला. "बोडक्यानंही तेच बघितलं. मी शुक्रवारी आठला आलो, किल्ली विसरलेलो. बेल वाजवली, वाजवली, काका उघडेनात. वाटलं चिडलेत. मित्राकडे झोपलो जाऊन." त्यानं डोळे चोळले. "आत ते तसे बसलेले असणार आणि मी बाहेरून शिव्या घालत होतो, माहितीय?"

"तुझं काकांशी जमायचं नाही म्हणतात."

"नाही जमायचं. महिन्यातून एकदा उरणच्या किनाऱ्यावरनं पाण्याचे कॅन मीच आणायचो ना, स्कूटरवर, तुझ्या भावाबरोबर. पाठ मोडायची. म्हणून कोण खून करतं काय?"

राहिले प्रसादकाका. प्रसाद नाबर, बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे, विलासकाकांच्याच कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. दिवसभर त्यांनीच सगळं सांभाळलेलं, तार, भटजी, क्षिप्राचा डबा. संघमित्रा वर गेली तशी त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. सकाळपासून तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"तुझ्या भावाचं वाईट वाटतं गं. तापट वय असतं. मी रोज साडेसहाला खाली जायचो. चहा, दोन गोष्टी. मी आपला सोफ्याच्या त्या टोकाला, त्या विषारी जनावराजवळ कोण जातंय! मग विलास तुळशीला घालावं तसं मगानं पाणी त्याला घालायचा, की मी उठायचो. कालही तसंच. पावणेसातला वर आलो. नंतर ओरडाआरडा ऐकला. तेव्हाच खाली जायला हवं होतं मी." त्यांनी चष्मा पुसला. "काही लागलं तर सांग हो. संकोच करू नकोस."

भला माणूस, संघमित्राला वाटलं. जिना उतरताना तिला रडूच आलं.

खालच्या पायरीवर एक बाई बसलेली. हातात रुमालात बांधलेला फोटो.

"चौबळ सायेबाच्या घरचे का तुमी?" तिनं विचारलं. "मी दुर्गाबाई. तुर्भ्याहून आले. माजा मालक, किसन, दिवाळीत ग्यासनं मेला त्या कारखान्यात. सायेब म्हनले, सोमवारी चौकशीला माज्यासंगं चला. ग्यासचा वॉल खराब हाये म्हनून वहीत आठ दिस आदीच लिवलं व्हतं. त्ये पान फाडलं, पन सायबाकडं झेराक्स व्हती. आता कुनाला विचारू?"

सोमवार! संघमित्रा तिच्या शेजारी बसली. "पान फाडलं कोणी?"

"नाव न्हाई सांगितलं. वरच्या सायबाची सही हाये त्यावर, म्हनले."

वरचा साहेब. रबाळ्याच्या कारखान्यात वरचे साहेब डझनभर असतील. रात्रीत कुठून शोधायचा?

४

रविवारी सकाळी सातला दारात चांगुणाबाई. खाडीतली जिवंत कोळंबीची पिल्लं डब्यात घालून ती एक दिवसाआड सुगतला आणून द्यायची. सत्तरीची आगरी म्हातारी, मिठागरावर जन्म गेला. आता मिठागरावर सोसायट्या उभ्या, आणि ही त्याच सोसायट्यांत मासळी विकते.

"कुठं गेला गो तुझा भाऊस? आज डबा घ्यायला भायेर नाय आला?"

संघमित्रानं सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. खुर्ची, टोचे, भिजलेली बाही.

चांगुणाबाई ऐकता ऐकता थांबली. "बाही सुकली व्हती?"

"वाळत आलेली. पंखा होता ना रात्रभर. कफ तेवढा ओला."

"रंग कंचा?"

"निळा. गडद."

"पांढरं उठलं व्हतं काय त्यावर?"

"पांढरं?"

"मिठागरातशी मानूस वर आला न् सुकला, की अंगावर पांढरं उठतंय पोरी. कपरा करक व्हतो, पापरावानी. माजा बापूस मिठागरात मेला, त्याचं धोतर मीच सोरवलं, ते उभं ऱ्हायलं व्हतं भुईवर." तिनं डोळे बारीक केले. "निल्या बाहीवर तर लांबशी दिसंल."

संघमित्राच्या हातातला डबा कलंडला. कोळंबी फरशीवर उड्या मारायला लागली, आणि ही नुसती बघत राहिली. निळी बाही. नुसती निळी. कडप्प्यावर पंख्याच्या वाऱ्यानं वाळलेल्या ओघळांच्या रेघा होत्या, आणि त्याही काळ्याच. पलीकडच्या कोपऱ्यात मात्र मिठाचा पांढरा थर.

साडेसात. दहाला सही.

"आजी, चप्पल घाला. चौकीत जायचंय."

५

बोडके आधी हसले, मग चिडले. शेवटी कशानं तयार झाले माहितीय? चांगुणाबाई टेबलासमोर खाली बसली आणि म्हणाली, "शर्ट दाखीव. नायतर मी उठत नाय. माजी मासली वास मारंल, तुझीच चौकी हाय."

साडेनऊला सगळे चौबळांच्या हॉलमध्ये. क्षिप्रा, निशांत, आणि सोफ्याच्या त्या टोकाला प्रसादकाका. दुर्गाबाई दारात उभी. सुगतला दोन हवालदारांनी धरून आणलेलं. बोडक्यांनी पंचनाम्याचं पुडकं सोडलं. निळा शर्ट.

चांगुणाबाईनं उजवी बाही हातात घेतली, चुरगाळली, उजेडात धरली. मग मेलेल्या माणसाची ती बाही तिनं सरळ जिभेला लावली.

क्षिप्रानं डोळे मिटले.

म्हातारीनं दोनदा चाखलं. कफ चाखला. मान वर केली.

"आलनी."

"काय?" बोडके.

"आलनी हाय. मीठ नाय ह्यात. घामापुरतंबी नाय, पान्यानं धुवून गेलंय."

"साहेब, त्या टाकीत समुद्राचं पाणी आहे," संघमित्रा म्हणाली. "काकांचा हात टाकीत गेलाच नाही. कोणीतरी नळाचं पाणी मगानं बाहीवर ओतलं. टाकीत हात घालायची भीती वाटली असेल, मेलेल्या माणसाचासुद्धा. माझ्या भावाला ती भीती नाही. तो रोज हात घालतो. आणि टाकी त्यानंच भरलीय, तो नळाचं पाणी ओतेल?"

"हुशार असेल. मुद्दाम ओतलं असेल."

"स्वतःला अडकवायला? मासेवाल्याचं नाव पुढे येईल असं सगळं रचायचं, आणि वर मुद्दाम चूक करायची?"

बोडक्यांनी शर्ट म्हातारीच्या हातातून घेतला.

"एकच प्रश्न विचारू द्या सगळ्यांना." ती वळली. "क्षिप्रा, या टाकीत पाणी कसलं?"

"खारं. तुला काल दाखवलं की."

"निशांत?"

"उरणचं. पाठीला विचार माझ्या."

"प्रसादकाका?"

प्रसादकाकांनी चष्मा सारखा केला. सगळ्यांच्या आधी त्यांना बोडक्यांची नजर जाणवली असणार. पण उत्तर त्यांना येत होतं. रोज डोळ्यांनी बघितलेलं होतं.

"ते दोघं काय म्हणतायत कळत नाही मला. असेल कधी आणलेलं समुद्राचं. पण विलास रोज माझ्यासमोर नळाचंच पाणी घालायचा. वर्षभर बघतोय मी. एवढं वर्षभर गोडं पाणी घातल्यावर खारं राहील कुठून?"

बोडके सोफ्याकडे वळले.

"पाणी उडतं, काका," सुगत हवालदारांच्या मधून म्हणाला. "मीठ राहतं. म्हणून गोडं घालायचं."

चांगुणाबाई उठली. रावसाहेब होते त्याच्या दुसऱ्या टोकाला तिनं बोट बुडवलं आणि ते ओलं बोट प्रसादकाकांच्या तोंडापुढे धरलं. "चाख."

ते मागे सरकले. आणखी सरकले. पाठ भिंतीला लागली.

आणि दारातून दुर्गाबाई म्हणाली, "ह्ये कुटं ऱ्हातेत?"

"इथंच," निशांत म्हणाला. "वर."

वर. वरचा साहेब! संघमित्रानं कपाळावर हात मारला. साहेबातला वरचा कसला, मजल्यातला वरचा.

"मी त्याला हात जोडले," प्रसादकाका एकदम बोलायला लागले, कोणीही काही विचारलेलं नसताना. "पोरगा गेला म्हणून परत खाली आलो. म्हटलं, विलास, तो झेरॉक्स दे, माझी दोन वर्षं राहिलीत रिटायरला. तो म्हणाला, किसनची किती राहिली होती? डोळे मिटून बसला. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. उशी जवळच होती." त्यांनी टाकीकडे बोट केलं, लांबूनच. "त्याचा हात आत घालणार होतो. पण ते जनावर दगडाखालून बाहेर आलं, कल्ले पसरून. मग निशांतच्या पेटीतलं कर्कटक घेतलं. पाण्याचा मग होताच तिथं, तोच बाहीवर ओतला."

झेरॉक्स त्यांच्या घरात देव्हाऱ्याच्या फळीवरच्या कागदाखाली सापडली. खाली दोन सह्या होत्या, चौबळांची आणि नाबरांची.

बोडक्यांनी सुगतकडे न बघता हवालदाराला खूण केली. "सोडा त्याला."

"सायेब," दुर्गाबाई आडवी आली. "त्ये पान सोमवारी चौकशीला येनार का?"

बोडक्यांनी घड्या घातलेला कागद पुडक्यात सारला. "बघू," म्हणाले आणि जिना उतरले.

६

सगळे गेले. दुर्गाबाईला निशांत स्टॉपवर सोडायला गेला, सोमवारी तिच्याबरोबर मी येतो म्हणाला. चांगुणाबाई मासळी उन्हात राहिली म्हणून बडबडत निघून गेली.

सुगत टाकीजवळ उभा राहिला. पाणी दोन बोटं खाली गेलं होतं. दगडाखालून रावसाहेब हळूच बाहेर आले आणि काचेजवळ येऊन थांबले, दोन दिवसांचे उपाशी.

"पाण्याचा मग दे," तो म्हणाला आणि शर्टाखालून उजवा हात बाहेर काढला.

क्षिप्रा किंचाळलीच. मनगटापासून बोटांपर्यंत हात टम्म सुजलेला, भाकरीसारखा. बोटं वळत नव्हती. तो मग त्यानं धरायचा प्रयत्न केला, पण हातातून निसटून खाली पडला.

"कधी डसला?" क्षिप्रानं विचारलं. तिला खरंच तसंच वाटलं.

सुगतनं हात उलटा केला. मनगटावरचे काठीचे आडवे वळ क्षिप्राला तेव्हा दिसले.

ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वाफाळती बादली घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवली, आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरून हळूहळू आत सोडला.

"गरम पाण्यानं उतरतं ना?" ती म्हणाली.

"माशाचं उतरतं," सुगत म्हणाला.

संघमित्रानं पडलेला मग उचलला, भरून ठेवलेल्या पाण्यात बुडवला, अर्धा भरला, आणि टाकीत ओतला.